‘९५ टक्के रिकव्हरी’चा हिशेब कसा तपासायचा?
वाचकांचे प्रश्न : खनिज प्रक्रिया कंपन्यांमधली गुंतवणूक

खनिजांवर प्रक्रिया करणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांबद्दल पुणे परिसरातून बरीच पत्रं आली आहेत. अनेकांचे प्रश्न सारखेच असल्याने त्यातली पाच निवडून उत्तरं देत आहोत. कंपन्यांची नावं पत्रांत होती, ती गाळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी. सोसायटीतल्या एका परिचितांनी चाकणच्या एका खासगी कंपनीचे शेअर सुचवले आहेत. लोहखनिजाच्या खाणीत साठलेला बारीक गाळ पाणी न वापरता शुद्ध करण्याचं तंत्रज्ञान आपल्याकडे असल्याचं कंपनी सांगते. ५२ टक्के लोह असलेल्या गाळातून ६४ टक्के लोहाचा माल, आणि रिकव्हरी ९५ टक्के. सोबत प्रयोगशाळेचा अहवालही आहे. किमान रक्कम ₹५ लाख. मी वाणिज्य शाखेचा, तांत्रिक बाजू मला कळत नाही. विश्वास ठेवावा का?
– वाचक, कोथरूड

उत्तर : जमाखर्च जुळवायची सवय असलेल्या माणसाला यातली निम्मी तपासणी घरबसल्या करता येते. प्रक्रियेत शिरलेला प्रत्येक किलो कुठून तरी बाहेर पडलाच पाहिजे. कॉन्सन्ट्रेट म्हणजे विकण्याजोगा माल आणि टेलिंग्ज म्हणजे उरलेला गाळ. या दोन्हीतलं लोह मिळून सुरुवातीच्या लोहाइतकं व्हायला हवं. धातुकी अभियंते याला मास बॅलन्स म्हणतात.

तुम्ही दिलेलेच आकडे घेऊ. १०० टन कोरड्या गाळात ५२ टन लोह. रिकव्हरी म्हणजे या लोहापैकी विकण्याजोग्या मालात आलेला हिस्सा. तो ९५ टक्के म्हणजे ४९.४ टन. हे लोह ६४ टक्क्यांच्या मालात असेल तर तो माल ७७.२ टन भरतो. उरला २२.८ टन टाकाऊ गाळ आणि त्यात फक्त २.६ टन लोह. म्हणजे टेलिंग्जमध्ये लोहाचं प्रमाण ११.४ टक्के.

संशयाची जागा इथे आहे. लोहखनिजाच्या गाळात हेमॅटाइट आणि गोथाइट या लोहाच्या खनिजांचे कण काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि चिकणमातीशी घट्ट जखडलेले असतात. इतक्या बारीक कणांवर गुरुत्वाचा, चुंबकाचा किंवा हवेचा जोर पुरेसा चालत नाही. टेलिंग्जमध्ये बरंच लोह निसटतं. समजा टेलिंग्जमध्ये ३८ टक्के लोह राहिलं, तर त्याच ५२ टक्क्यांच्या गाळातून ६४ टक्क्यांचा माल १०० टनांमागे ५३.८ टन मिळतो आणि रिकव्हरी ६६ टक्क्यांवर येते. ९५ आणि ६६ यांच्यात कंपनीचा अख्खा नफा बुडू शकतो. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न ‘रिकव्हरी किती?’ हा विचारू नका, ‘टेलिंग्जची ग्रेड किती?’ म्हणजे त्यात लोह किती टक्के उरलं, हा विचारा. रिकव्हरी छातीठोकपणे सांगणारे या प्रश्नावर चाचपडले, तर त्यांनी टेलिंग्जचं वजन आणि परीक्षण केलेलंच नाही असं धरा. कॉन्सन्ट्रेटचा नमुना घेऊन उरलेलं गणित ‘जुळवून घेणं’ ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

दुसरी तपासणी खनिजाच्या रसायनाची. शुद्ध हेमॅटाइटमध्ये ६९.९ टक्के लोह असतं, गोथाइटमध्ये ६२.९ टक्केच. गाळ मुख्यतः गोथाइटचा असेल, तर तो न भाजता ६४ टक्क्यांचा माल कोणत्याही यंत्रातून निघणार नाही. इतर धातूंनाही अशी कमाल मर्यादा आहे. चाल्कोपायराइटमध्ये तांबं ३४.६ टक्के, स्फॅलेराइटमध्ये जस्त ६७.१ टक्के, स्पोड्युमीनमध्ये लिथियम ऑक्साइड ८ टक्के. निव्वळ चाल्कोपायराइटमधून ४० टक्के तांब्याचं कॉन्सन्ट्रेट काढल्याचा दावा कोणी केला, तर पुढचं पान उलटायची गरज नाही. नमुन्यात कोणतं खनिज किती आहे हे एक्स-रे डिफ्रॅक्शन आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीतून कळतं. हा खनिजशास्त्रीय अहवाल मागा. गंभीर कंपनीकडे तो पहिल्या दिवसापासून असतो.

आता तुमच्याकडचा प्रयोगशाळेचा अहवाल. तो बनावट असेलच असं नाही. खऱ्या अहवालाचाही गैरवापर होतो. बारीक अक्षरांतली तळटीप वाचा. ‘नमुना ग्राहकाने दिलेला आहे, निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरते’ अशा अर्थाचं वाक्य बहुतेक अहवालांत असतं. म्हणजे प्रयोगशाळेने पिशवीतल्या मालाचं परीक्षण केलं, तो माल यंत्रातून निघाला की आधीच निवडून भरला, याची हमी तिने दिलेली नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असेल, तर ती कोणत्या चाचणीसाठी आहे तेही बघा. पाण्याच्या चाचणीची मान्यता लोहाच्या परीक्षणाला लागू पडत नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रयोगशाळेची चाचण्यांची यादी मिळते.

नमुन्याचं महत्त्व किती, याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅनडाच्या ब्री-एक्स कंपनीचं. इंडोनेशियातल्या बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचा तिचा दावा होता. ड्रिलिंगमधून निघालेले दगडाचे गाभे सगळेच्या सगळे दळून टाकले जात. अर्धा गाभा फेरतपासणीसाठी जपून ठेवायची सर्वमान्य पद्धत पाळली गेली नाही. दळलेल्या भुकटीत बाहेरचं सोनं मिसळलं गेलं होतं. १९९७ मध्ये स्वतंत्र फेरतपासणीत सोनं सापडलंच नाही आणि अब्जावधी डॉलरचं भागभांडवल विरून गेलं. प्रयोगशाळेने मात्र समोर आलेल्या भुकटीचं परीक्षण बरोबर केलं होतं. म्हणूनच ‘चाचणी कोणी केली’ याआधी ‘नमुना कोणी घेतला, तो कोणाच्या ताब्यात होता आणि राखीव भाग कुठे आहे’ हे विचारायचं.

राहिला ‘पाण्याशिवाय’ हा दावा. कोरड्या पद्धती आहेत आणि योग्य मालावर त्या चालतात. पण गाळ ओला असतो. २० टक्के ओलाव्याचा एक टन गाळ १ टक्क्यापर्यंत वाळवायचा तर सुमारे १९० किलो पाणी उडवावं लागतं. ड्रायरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर साध्या प्रतीचा साधारण ४५ किलो कोळसा लागतो, दर टनाला! खर्चाच्या तक्त्यात हा आकडा नसेल, तर तक्ता अपुरा आहे. आणि कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात गाळ कुठे वाळत घालणार, हेही विचाराच.

आमचं मत स्पष्ट आहे. मास बॅलन्स, खनिजशास्त्रीय अहवाल आणि कंपनीशी आर्थिक संबंध नसलेल्या संस्थेने स्वतः घेतलेल्या नमुन्याची चाचणी, या तीन गोष्टी हातात येईपर्यंत ₹५ लाख बँकेतच राहू द्या. अशा चाचण्या भारतीय खाण ब्युरोच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत, भुवनेश्वरच्या खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्थेत आणि जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकी प्रयोगशाळेत होतात. सगळ्या जगाला विकायचं तंत्रज्ञान या तीनपैकी एकाही दारात का नेलं नाही, याचं समाधानकारक उत्तर कंपनीकडे असायला हवं.

प्रश्न : कंपनीने गुंतवणूकदारांना रविवारी पायलट प्लांट (चाचणीसाठी उभारलेला छोटा प्लांट) दाखवायला बोलावलं आहे. मी यांत्रिक अभियंता आहे, पण खनिज क्षेत्रातला नाही. काय बघू?
– वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : रविवारऐवजी कामाच्या दिवशी, तेही न कळवता जाता आलं तर उत्तम. रंगवलेली यंत्रं बघण्यात वेळ घालवू नका. प्लांट खरोखर चालतो की पाहुण्यांपुरता, हे कडेकोपऱ्यातून कळतं. बॉल मिलच्या (खनिज दळणाऱ्या यंत्राच्या) लायनरची म्हणजे आतल्या अस्तराची झीज, मिलमध्ये टाकायच्या पोलादी गोळ्यांचा साठा आणि त्यांची खरेदी बिलं, स्लरी पंपाच्या ग्लँडखालचा ओघळ, फिल्टर प्रेसची डागाळलेली कापडं, बेल्टखाली सांडलेला माल. कठीण खनिज दळताना टनामागे साधारण अर्धा ते एक किलो गोळे झिजतात. वर्षभर चाललेल्या प्लांटने वर्षभरात एकदाही गोळे विकत घेतले नसतील, तर काहीतरी चुकतंय.

तुम्ही अभियंते आहात, म्हणून विजेचा हिशेब जरूर करा. बाँडच्या सूत्राने दळणाची वीज काढता येते : वर्क इंडेक्स (खनिज दळायला किती कठीण आहे याचा आकडा) गुणिले १०, गुणिले (१ भागिले बाहेर पडणाऱ्या कणांच्या आकाराचं वर्गमूळ वजा १ भागिले आत जाणाऱ्या कणांच्या आकाराचं वर्गमूळ). आकार म्हणजे ८० टक्के माल ज्या चाळणीतून जातो तो, मायक्रॉनमध्ये. वर्क इंडेक्स १४ असलेलं खनिज २००० मायक्रॉनवरून ७५ मायक्रॉनपर्यंत दळायला टनाला साधारण १३ युनिट लागतात. आता कंपनी म्हणते, ताशी ५ टनांचा प्लांट रोज २० तास, महिन्यात २५ दिवस चालला. म्हणजे २,५०० टन आणि नुसत्या दळणाला ३२,५०० युनिट. पंप, क्रशर, कॉम्प्रेसर वेगळेच. महावितरणचं त्या महिन्याचं बिल मागा. त्यावर ६,००० युनिट दिसले, तर प्लांट सांगितल्याच्या पाचव्या हिश्श्यानेही चाललेला नाही. बिल दाखवायला खळखळ केली, तर तेही उत्तरच समजा.

फ्लोटेशनचा (रसायनं घातलेल्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून खनिज वेगळं करण्याचा) प्लांट असेल तर पाणी कुठलं वापरतात ते विचारा. प्रयोगशाळेत दर वेळी ताजं नळाचं पाणी घेतात. खऱ्या प्लांटमध्ये थिकनरवरून (गाळ खाली बसवून पाणी वेगळं करणाऱ्या टाकीवरून) आलेलं पाणी पुन्हापुन्हा फिरतं आणि त्यात विरघळलेले क्षार आणि उरलेली रसायनं साठत जातात. एक किलोच्या चाचणीत ९० टक्के दाखवणारी पद्धत इथे कोसळू शकते. म्हणून लॉक्ड सायकल चाचणीचा अहवाल मागतात. त्यात मधला माल पुढच्या फेरीत परत टाकत, निष्कर्ष स्थिर होईपर्यंत लागोपाठ फेऱ्या केलेल्या असतात. त्यानंतर सलग काही आठवडे चाललेल्या पायलट प्लांटची नोंदवही बघा. तीत दर पाळीचे नमुने, बंद पडल्याच्या वेळा आणि कारणं असायला हवीत. एकही बंद नसलेली नोंदवही नंतर बसून लिहिलेली असते.

अमेरिकन धातुकी सल्लागार टेरी मॅकनल्टी यांनी १९९८ मध्ये अनेक प्लांटांची सुरुवातीची वर्षं तपासून त्यांचे चार गट पाडले. रुळलेलं तंत्रज्ञान वापरणारे पहिल्या गटातले प्लांट वर्षभरात पूर्ण क्षमतेजवळ पोहोचले. शेवटच्या गटातले तीन वर्षांनंतरही तिथून दूर होते. त्यांची कारणं ओळखीची आहेत : पायलट चाचण्या अपुऱ्या किंवा झालेल्याच नाहीत, खनिजाचा स्वभाव नीट कळलेला नाही, रसायन गुंतागुंतीचं. कंपनीच्या आर्थिक अंदाजात पहिल्याच वर्षी १०० टक्के क्षमता धरली असेल, तर तो अंदाज करणाऱ्याने हे क्षेत्र बघितलेलं नाही.

प्रश्न : माहितीपत्रकावर ‘पेटंटेड तंत्रज्ञान’ लिहिलंय. त्याला किती वजन द्यावं?
– वाचक, बाणेर

उत्तर : थोडं. पेटंट मिळालं म्हणजे कल्पना नवी आहे. ती किफायतशीर आहे की नाही, हे पेटंट कार्यालय तपासत नाही. बऱ्याचदा पेटंट मिळालेलंही नसतं, नुसता अर्ज असतो. भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोधसुविधेत अर्ज क्रमांक टाका. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्याची सद्यःस्थिती दिसते. तीन गोष्टी बघा : मंजूर झालं आहे का, वार्षिक शुल्क भरून ते जिवंत ठेवलंय का, आणि मालक कोण. पेटंट प्रवर्तकाच्या किंवा त्याच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर असेल, तर तुमचे पैसे ज्या कंपनीत जाणार तिच्याकडे फार तर वापराचा परवाना असेल, आणि तो काढूनही घेतला जाऊ शकतो. ‘आंतरराष्ट्रीय पीसीटी पेटंट’ असं काही नसतं. पीसीटी ही अर्जाची पद्धत आहे, पेटंट प्रत्येक देश आपापलं देतो.

प्रश्न : जुन्या बॅटऱ्यांतून लिथियम आणि कोबाल्ट काढणाऱ्या एका कंपनीत गुंतवणुकीचा विचार आहे. सरकारचं क्रिटिकल मिनरल मिशन आहेच, त्यामुळे धोका कमी नाही का?
– वाचक, बिबवेवाडी

उत्तर : नाही. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन ₹१६,३०० कोटींचं आहे. पुनर्वापरासाठी ₹१,५०० कोटींची प्रोत्साहन योजना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. हा पैसा त्या क्षेत्रासाठी आहे. त्याने एखाद्या कंपनीच्या रसायनाची हमी मिळत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासीत लिथियमचं ५९ लाख टन खनिज सापडल्याची बातमी गाजली. तो साठा प्राथमिक शोधाच्या जी-३ टप्प्यातला, अनुमानित होता. पुढे त्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारच मिळाले नाहीत. मोठा मथळा आणि विकण्याजोगा माल यांच्यातलं अंतर एवढं असतं.

बॅटरी पुनर्वापरात कंपनी कोणता कच्चा माल धरते, यावर सगळं ठरतं. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्टही नसतं आणि निकेलही नसतं. आपल्याकडे तीनचाकी आणि बसमध्ये हा प्रकार भरपूर आहे. कंपनीने उत्पन्नाचा अंदाज मोबाइलच्या कोबाल्टयुक्त बॅटऱ्यांवर बांधला असेल आणि प्रत्यक्षात गोदामात फॉस्फेटच्या बॅटऱ्या येत असतील, तर गणित पहिल्याच महिन्यात फसतं. शुद्धता आणि रिकव्हरी यांचीही गल्लत करू नका. ‘९९.५ टक्के’ ही बॅटरीच्या दर्जाच्या लिथियम कार्बोनेटची शुद्धता आहे. बॅटरीतल्या लिथियमपैकी किती टक्के हाती लागलं, हा प्रश्न वेगळा आणि महत्त्वाचा.

कागद दोन बघा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची पुनर्वापरकर्ता म्हणून नोंदणी, आणि त्याच मंडळाचं प्लांट चालवण्याचं संमतिपत्र. उभारणीचं संमतिपत्र वेगळं, ते दाखवून काम भागत नाही. संमतिपत्रात दररोज किती मालाला परवानगी आहे तो आकडा माहितीपत्रकातल्या क्षमतेशी ताडून बघा. दोन्हीत दहापट फरक असेल, तर विस्ताराची परवानगी अजून मिळायचीच आहे.

प्रश्न : अशाच एका कंपनीला मी आठ महिन्यांपूर्वी ₹३ लाख दिले, ₹२ लाख चेकने आणि ₹१ लाख रोख. शेअर अजून मिळालेले नाहीत. ‘लवकरच आयपीओ येतोय, तेव्हा थेट जमा होतील’ असं सांगतात. काय करावं?
– वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : आयपीओची वाट बघू नका. खासगी कंपनी निवडक लोकांकडून शेअरचे पैसे घेते, तेव्हा कंपनी कायदा, २०१३ चं कलम ४२ लागू होतं. एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना देकार देता येतो, तोही तुमच्या नावाच्या क्रमांकित पत्राने, पीएएस-४ नमुन्यात. जाहिरात करता येत नाही. पैसे फक्त बँकेमार्फत, तेही तुमच्याच खात्यातून. रोख घेताच येत नाही. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परतावा. तेही न झाल्यास साठाव्या दिवसानंतर १२ टक्के व्याज. तुमच्या बाबतीत ही मुदत कधीच उलटून गेली आहे.

आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए संकेतस्थळावर ₹१०० भरून कंपनीचे कागद बघा. पीएएस-३ या विवरणपत्रात कोणाला, कधी, किती भावाने शेअर दिले ते असतं. तुमचं नाव त्यात आहे का बघा. प्रवर्तकांनी त्याच वर्षी ₹१० ला घेतलेला शेअर तुम्हाला ₹४०० ला दिला असेल, तर तेही तिथेच दिसेल. वार्षिक हिशेबात ‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’ (तयार होत असलेल्या तंत्रज्ञानावरचा, मालमत्ता म्हणून दाखवलेला खर्च) ही रक्कम वर्षागणिक फुगतेय आणि विक्री शून्याजवळ आहे का, लेखापरीक्षकाने मधेच राजीनामा दिला आहे का, आणि प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपन्यांना कर्जं दिली आहेत का, तेही तपासा.

नंतर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पत्र पाठवा : दिलेली रक्कम, तारीख, चेक क्रमांक, आणि वाटप किंवा व्याजासह परताव्याची मागणी. रोख दिलेल्या ₹१ लाखाचा पुरावा कच्चा असतो, म्हणून त्याबद्दलचे संदेश, पावती, चिठ्ठी, जे असेल ते आजच जपून ठेवा. फोनमधले संदेश पुसू नका, फोन बदलणार असाल तर आधी प्रत काढून घ्या. दिलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर कंपनी निबंधकांच्या पुणे कार्यालयात तक्रार करा.

पैसे घेताना कोणी ‘दरमहा दोन टक्के नक्की’ असं लेखी किंवा संदेशातून सांगितलं असेल, तर प्रकरण शेअरचं राहत नाही, ठेवीचं होतं. मग अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ आणि महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा लागू होऊ शकतो. अशी तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जाते. ती करण्याआधी कागदपत्रं वकिलाला दाखवा आणि त्याच कंपनीत पैसे अडकलेल्या इतरांना गाठा. एकाच अर्जाखाली दहा जणांच्या बँक नोंदी जोडता आल्या, तर पैसे कोणत्या खात्यांत फिरले हे तपास अधिकाऱ्याला लवकर दिसतं.